पाटणचा शिलालेख आणि ‘सर्वात वर’चे शब्द

चाळीसगावपासून अठराएक किलोमीटरवर, डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणादेवीचे देऊळ आहे. नवरात्रात तिथे माणसांची रीघ लागते. देवीला हात जोडून परतणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तिथल्या शिलालेखाची माहिती असते. लेख शके ११२८ चा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये विद्वानांपुढे आणला आणि पुढे कीलहॉर्न यांनी त्याचे काळजीपूर्वक वाचन प्रसिद्ध केले. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्या मठाला श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाच्या पर्वणीवर दान दिले. अभ्यासक ती तारीख इ.स. १२०७ च्या ऑगस्टमधली धरतात.

लेखाचा मोठा भाग संस्कृत पद्यात आहे. शेवटी भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते, कारण तिथे विषयही बदलतो. बाजारात येणाऱ्या मालावर मठाचा हक्क किती, हे तिथे सांगितले आहे. प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यायचे आहे. आणि गावात जे काही मापले जाईल, ते मठाच्याच मापाने मापायचे आहे. आकाशातल्या ग्रहांचे शास्त्र आणि बाजारातले धान्याचे माप, दोन्ही एकाच दगडावर आली आहेत.

हा लेख त्या शिलालेखाच्या इतिहासावर नाही. त्या दगडावर एकत्र आलेल्या दोन व्यवहारांतून आणि आपल्या खानदेशातल्या आणखी दोन-तीन व्यवहारांतून मराठीत आलेल्या एका शब्दकुळाबद्दल तो आहे. ते कुळ म्हणजे ‘सर्वात वरची जागा’ दाखवणारे शब्द : उच्च, माथा, शीग, शिखर, शेंडा, कळस.

इंग्रजीतही हे कुळ मोठे आहे. पीक, समिट, एपेक्स, झेनिथ, ॲपोजी, ॲक्मी, क्लायमॅक्स, पिनॅकल, कल्मिनेशन. जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले ही यादी पाठ करतात आणि समोर एकच अर्थ लिहितात : सर्वोच्च बिंदू. परीक्षेत चार पर्यायांतला एक निवडायला तेवढे पुरते. पण भाषा इतकी उधळी नसते. एकाच गोष्टीसाठी नऊ-दहा शब्द ती उगाच सांभाळत नाही. यातला प्रत्येक शब्द एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. कशापासून दूर? कोणाच्या डोक्यावर? मापात किती मावते? तिथे कोणी पोचले का? वाढ थांबली का? काम पुरे झाले का? शब्द एकमेकांत मिसळले की यातला एकेक प्रश्न विचारायचा राहून जातो.

शब्द हेही इतिहासाचे साधन आहे, ही दृष्टी खानदेशाला नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्याच्या अखेरीस धुळ्यात होते आणि १९२६ च्या डिसेंबरात तिथेच वारले. मराठी धातूंचा आणि नामांच्या व्युत्पत्तीचा त्यांनी केलेला संग्रह पुढे त्यांच्या नावाच्या धुळ्यातील संशोधन मंडळाने ग्रंथरूपाने आणला. त्यांची प्रत्येक व्युत्पत्ती आज कोणी मानेलच असे नाही. पण शब्द उकलला तर त्यातून माणसांचा व्यवहार बाहेर पडतो, हे त्यांनी शिकवले. त्याच वाटेने आपण पाटणपासून सुरुवात करू.

उच्च : कशापासून दूर?

उच्च म्हणजे उंच, इतकेच आपण धरून चालतो. ग्रहगणितात उच्चाचा अर्थ ‘दूर’ असा आहे. ग्रहाच्या कक्षेवर पृथ्वीपासून सर्वात लांब असलेला बिंदू म्हणजे उच्च, सर्वात जवळचा तो नीच. शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यातल्या ‘गोलाध्याया’त ही रचना समजावलेली आहे. कक्षेच्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून थोडे बाजूला सरकवले की वर्तुळाची एक बाजू आपोआप लांब जाते आणि समोरची जवळ येते. लांबच्या बाजूला ग्रह सावकाश चालताना दिसतो. सूर्याच्या अशा बिंदूला मंदोच्च म्हणतात.

इंग्रजीतला ‘ॲपोजी’ हा शब्द ग्रीकातून आला आणि त्याचाही मूळ अर्थ ‘पृथ्वीपासून दूर’ असाच आहे. आपल्या शालेय भूगोलात चंद्रासाठी अपभू आणि उपभू, पृथ्वी-सूर्यासाठी अपसूर्य आणि उपसूर्य असे शब्द येतात. नावे नवी असली तरी कल्पना मंदोच्चाच्या घरातलीच आहे. आज पृथ्वी सूर्यापासून सर्वात लांब असते ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर. जानेवारीच्या सुरुवातीला ती सर्वात जवळ असते, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. जुलैच्या त्या दिवसांत पंचांग उघडले तर सूर्य मिथुन राशीत दिसेल. भास्कराचार्यांच्या गणितातही सूर्याचे मंदोच्च मिथुनेतच आहे.

पंचांगाच्या वाचकाला मात्र दुसरे उच्च ओळखीचे असते. फलज्योतिषात सूर्य उच्चीचा होतो तो मेषेच्या दहाव्या अंशावर, म्हणजे एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि नीचीचा होतो तो तुळेच्या दहाव्या अंशावर. या उच्चाचा अंतराशी काही संबंध नाही. ते बळाचे आणि मानाचे उच्च आहे, दरबारात कोणाला कुठले आसन मिळाले तसे. ही दोन उच्चे एका नावाने शेजारी राहत आली आहेत. पाटणच्या मठात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला कोणते उच्च कुठल्या हिशेबात घ्यायचे हे शिकावे लागत असणार, नाहीतर ग्रहणाचे गणितच चुकले असते. आपण दिवाळीचे दिवे लावतो तेव्हा सूर्य तुळेत असतो, म्हणजे फलज्योतिषाच्या भाषेत नीच राशीत. गणिताच्या भाषेत त्याचे खरे नीच, म्हणजे पृथ्वीपासून सर्वात जवळचे स्थान, अजून दोन-अडीच महिने पुढे असते.

माथा : कोणाच्या डोक्यावर?

‘सूर्य माथ्यावर आला’ हे आपण बाराही महिने म्हणतो. डिसेंबरात जळगावला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५-४६ अंश वर असतो. माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते. तरी शेतावरचा माणूस म्हणतो, सूर्य माथ्यावर आला, भाकरी सोडा. त्याचे चुकत नाही. त्या दिवसापुरता सूर्य जितका वर येणार तितका आलेला असतो. शास्त्राच्या भाषेत तो याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे दक्षिणोत्तर रेषेवर आलेला असतो. इंग्रजीतला ‘कल्मिनेट’ हा शब्द खगोलशास्त्रात याच घटनेसाठी वापरतात. लॅटिनमधला त्याचा मूळ शब्द घराच्या छपराच्या सर्वात वरच्या कण्यासाठी, आपल्या आढ्यासाठी होता. खानदेशातल्या धाब्याच्या घराला उतरते छप्पर नाही, त्यामुळे असा कणाही नाही. आपण वरच्या जागेचा शब्द घरावरून न घेता डोक्यावरून घेतला, याचे कारण कदाचित इतके साधे असेल.

याम्योत्तरावर येणे वेगळे आणि बरोबर डोक्यावर येणे वेगळे. डोक्याच्या थेट वरच्या बिंदूला आपल्या ज्योतिषात खमध्य किंवा खस्वस्तिक म्हणतात, इंग्रजीत झेनिथ. झेनिथ हा शब्द अरबीतून आला. अरबीत त्याचे पूर्ण रूप ‘डोक्यावरची वाट’ अशा अर्थाचे होते. लॅटिनमध्ये उतरताना डोके गळाले, वाट राहिली आणि नकलकारांच्या हातून ‘म’चे ‘नि’ झाले असे मानतात. झेनिथ जमिनीला बांधलेला नसतो. तो प्रत्येकाचा वेगळा असतो. धुळ्यात उभ्या माणसाचा खमध्य धुळ्याच्या वर आणि जळगावात उभ्या माणसाचा जळगावच्या वर. माणूस चालला की त्याचा खमध्यही चालतो.

हा फरक खानदेशात डोळ्यांनी पाहता येतो. धुळे २०.९ आणि जळगाव २१ अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य आपल्या बरोबर डोक्यावरून जातो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. एकदा २५ मेच्या आसपास, दुसऱ्यांदा १८ जुलैच्या आसपास. दुसरी वेळ बहुधा ढगांत जाते. मधल्या काळात, २१ जूनला, दिवस सर्वात मोठा असतो. पण तेव्हा सूर्य खमध्य ओलांडून अडीच अंश उत्तरेला गेलेला असतो आणि काठीची सावली दक्षिणेला पडते.

आता खानदेशातल्या एका वर्षाचा हिशेब मांडू. ‘सूर्य सर्वात वर कधी?’ असे विचारले तर फलज्योतिषी म्हणेल एप्रिल. काठी रोवून पाहणारा म्हणेल मेचा शेवटचा आठवडा आणि जुलैचा मधला. सर्वात मोठा दिवस मोजणारा म्हणेल २१ जून. अंतर मोजणारा म्हणेल जुलैचा पहिला आठवडा. चौघांची उत्तरे बरोबर आहेत, कारण चौघांनी चार वेगळे प्रश्न सोडवले आहेत. सर्वांसमोर ‘सर्वोच्च बिंदू’ असे लिहिले की तीन उत्तरे खोटी वाटू लागतात.

उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो म्हणून उकडते, असा एक समज सुशिक्षित घरांतही पक्का आहे. ‘वर आला’ आणि ‘जवळ आला’ हे एकच मानल्याने तो टिकून राहतो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा सूर्य खरे तर दूर चाललेला असतो. त्याचे किरण उभे पडतात, दिवस मोठा असतो आणि जमीन कोरडी असते, म्हणून तापते. माथा आणि उच्च हे दोन शब्द मनात वेगळे राहिले असते, तर हा गोंधळ इतका मुरला नसता.

शीग : किती मावते?

आता शिलालेखाच्या मराठी ओळींकडे येऊ. गावात मठाच्याच मापाने मापावे, ही अट वरवर क्षुल्लक वाटते. तिच्यामागे काय आहे ते ‘शीग’ या शब्दावरून कळते.

‘उत्कंठा शिगेला पोचली’, ‘प्रचार शिगेला पोचला’ असे आपण रोज वाचतो. शीग म्हणजे काय, असे विचारले तर आज चाळिशीच्या आतला माणूस सहसा थांबतो. पायली, शेर, अधोली अशा मापात धान्य भरले की ते काठाच्या वर शंकूसारखे चढते. काठावरचा तो ढीग म्हणजे शीग. शीग भरून माप घातले तर घेणाऱ्याचा फायदा आणि काठाशी हात फिरवून सपाट केले तर देणाऱ्याचा. शिगेचा गुण असा की ती हवी तेवढी वाढवता येत नाही. प्रत्येक धान्याचा एक उतार ठरलेला असतो. गोल, गुळगुळीत दाण्याची शीग बसकी होते, लांबट आणि खरबरीत दाण्याची उभी राहते. त्या उतारापलीकडे वरून टाकलेली मूठ घरंगळून खाली येते. म्हणून ‘शिगेला पोचणे’ याचा नेमका अर्थ ‘सर्वात वर जाणे’ असा नाही. यापुढे एक दाणाही मावणार नाही, आता सांडणारच, असा तो आहे.

शीग किती भरते हे मापाच्या आकारावरही ठरते. साध्या भूमितीने हिशेब करता येतो. माप जितके उंच त्याच्या दुप्पट रुंद असेल आणि दाण्याचा उतार २५ अंशांचा धरला, तर शीग मापाच्या सुमारे साडेपंधरा टक्के होते. तेवढेच धान्य मावणारे माप उंचीइतकेच रुंद केले तर शीग आठ टक्क्यांच्या आत येते. दोन्ही मापे आतून सारखीच, पण शिगेत दुपटीचा फरक. म्हणजे माप कोणाचे, हा प्रश्न पोटापाण्याचा होता. वसुलीला रुंद माप आणि विक्रीला अरुंद माप वापरणारा मनुष्य कोणाला न कळता शंभरामागे सात-आठ हिस्से खाऊ शकतो. मठाच्या मापाची अट वाचताना हा हिशेब मनात ठेवावा. तिच्यामुळे गावात एकच माप राहिले आणि ते कोणाचे असावे हेही ठरून गेले. युरोपातही सरंजामदार आणि शेतकरी यांच्यात शिगेच्या आणि सपाट मापावरून शतकानुशतके तंटे चालले. पोलंडचे इतिहासकार वितोल्द कुला यांनी मापांच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात ते सविस्तर मांडले आहेत.

भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. धान्य मापण्याऐवजी तोलले जाऊ लागले. तराजूला शीग नसते. गरिबाच्या दृष्टीने ही मोठी सोय झाली, यात वाद नाही. पण वस्तू गेली आणि शब्द वर्तमानपत्रात उरला. आता शीग ही चढण्याची जागा वाटते, सांडण्याची सूचना त्यातून गेली. ‘तणाव शिगेला पोचला’ असे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला मापावरून घरंगळणारा दाणा दिसत असता, तर त्या वाक्यातला इशारा दोघांनाही कळला असता.

इंग्रजीत याच्या जवळ जाणारा शब्द ॲक्मी. ग्रीकात तो टोकासाठी आणि भराच्या काळासाठी होता. जुने वैद्य तापाच्या ऐन भराला हाच शब्द लावत, आणि त्यानंतर उतार आलाच पाहिजे हे त्यात गृहीत होते. क्लायमॅक्स मात्र वेगळा. ग्रीकात त्याचा अर्थ शिडी. जुन्या अलंकारशास्त्रात एकामागून एक चढत जाणाऱ्या वाक्यांच्या साऱ्या मालिकेला क्लायमॅक्स म्हणत. वरची पायरी म्हणजे क्लायमॅक्स हा अर्थ फार नंतरचा. शिडीला पायऱ्या लागतात. आधी काही न घडता सिनेमाच्या शेवटी जी नुसती मारामारी होते, तिला या हिशेबाने क्लायमॅक्स म्हणता येणार नाही.

शिखर आणि शेंडा : पोचता येते का, वाढते का?

डोंगराकडे वळलो की शिखर आणि माथा हे दोन शब्द समोर येतात. इंग्रजीत पीक आणि समिट. पीक म्हणजे अणकुचीदार आकार, जो दुरून ओळखू येतो. समिट म्हणजे त्याच डोंगराची सर्वात वरची जागा, जिथे पाय टेकतो. एव्हरेस्टचा इतिहास हा फरक उत्तम दाखवतो. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने दीडशे किलोमीटरांहून अधिक दूरच्या ठाण्यांवरून त्याचे वेध घेतले. त्या गणितात राधानाथ सिकदार यांचा वाटा मोठा होता. सर्वेक्षणाच्या कागदात त्याचे नाव नुसते ‘पीक पंधरा’ असे होते. १८५६ मध्ये त्याची उंची २९,००२ फूट जाहीर झाली. पीक सापडले होते, मोजले गेले होते, पण समिटवर माणूस पोचला तो २९ मे १९५३ रोजी. मधली ९७ वर्षे या दोन शब्दांमधले अंतर होते.

मराठीत आपण शिखर ‘सर’ करतो. हा ‘सर’ फारसीतला आहे आणि त्याचा अर्थ डोके. सरदार, सरहद्द यांतही तोच आहे. म्हणजे शिखर सर करणे यात जिंकण्याचा भाव आला. माथा मात्र आपण गाठतो, त्यावर बसतो, तिथे गुरे चारतो. घाटमाथा हा शब्द घ्या. चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट चढून गेले की जी सपाटी लागते, तो घाटमाथा. तिथे कुठलेही टोक नाही. सातपुड्यातले तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. तिथे तलाव आहे, वस्ती आहे. नावातच माळ असल्याने वरची जागा सपाट आहे हे ऐकणाऱ्याला आधीच कळते. ज्याने हे नाव ठेवले त्याने उंची मोजली नाही, उपयोग पाहिला.

साल्हेरचेही असेच. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्राचे सर्वात उंच शिखर. साल्हेर १,५६७ मीटर, म्हणजे महाराष्ट्राचा सर्वात उंच किल्ला. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा होईपर्यंत साल्हेरचे बागलाण खानदेशातच होते. शिखर आणि किल्ला यांच्या मोजणीत पहिला नंबर वेगवेगळ्या डोंगरांना जातो, कारण किल्ल्याला नुसती उंची पुरत नाही. पाणी लागते, शिबंदी राहील एवढी जागा लागते, तट बांधता येईल असा कडा लागतो. किल्ल्याच्या वरच्या भागाला आपण शिखर म्हणत नाही, बालेकिल्ला म्हणतो. फारसी ‘बाला’ म्हणजे वरचा. खालचे सारे पडले तरी शेवटी लढायची जागा ती.

आणि सातपुड्यातले अस्तंबा. उंची सुमारे १,३२५ मीटर. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत तेही धुळे जिल्ह्यात होते. दरवर्षी धनत्रयोदशीच्या सुमारास तिथे यात्रा भरते. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून आदिवासी भाविक अश्वत्थाम्याच्या स्थानासाठी तो डोंगर चढतात. भाविक शिखर सर करायला जात नाहीत, अस्तंबा ऋषीला भेटायला जातात. वर पोचण्यात विजय नाही, भेट आहे. नकाशावर ते शिखर म्हणून छापले जाते आणि त्यात काही चूक नाही. पण नकाशाचा शब्द आणि यात्रेचा शब्द एक नाही, एवढे नकाशा पाहणाऱ्याला ठाऊक असावे.

डोंगराचे शिखर वाढत नाही, निदान माणसाच्या आयुष्यात वाढलेले दिसत नाही. झाडाचा शेंडा वाढतो. खानदेशातल्या कापूस उत्पादकाला शेंडा म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. झाड पुरेसे वाढले की शेंडा खुडतात. वरची वाढ थांबते आणि झाडाचा जोर बाजूच्या फांद्यांकडे आणि बोंडांकडे वळतो. शेंडा ही सर्वात वरची जागा खरी, पण ती पिकाची जागा नव्हे. शेंडा खुडल्याने पीक वाढते, ही गोष्ट ‘सर्वोच्च बिंदू’ या शब्दात कधीच मावणार नाही. इंग्रजीत वनस्पतिशास्त्रज्ञ झाडाच्या याच वाढत्या टोकाला एपेक्स म्हणतात. तो लॅटिन शब्द रोममधल्या पुरोहिताच्या टोपीवरील टोकदार काडीसाठीही वापरत. ज्या प्रकरणाचा थांग लागत नाही त्याला आपण ‘शेंडा ना बुडखा’ म्हणतो. शेंड्याला बुडखा लागतो. अधांतरी शेंडा नसतो.

कळस : काम पुरे झाले का?

उत्तरेकडच्या पद्धतीच्या देवळात गाभाऱ्यावर चढत गेलेल्या साऱ्या बांधकामाला शिखर म्हणतात. दक्षिणेकडच्या शिल्पशास्त्रात शिखर म्हणजे फक्त वरचा घुमटासारखा भाग. सिन्नरचे गोंदेश्वर पाहिलेल्या मराठी माणसाला पहिला अर्थ सहज पटतो. दोन्हीकडे कळस मात्र शिखराच्याही वर बसतो. कळस म्हणजे घडा. तो देवळाला तोलत नाही, सावली देत नाही. त्याचे काम एकच : बांधकाम पुरे झाले हे सांगणे. म्हणूनच कळस ‘बांधत’ नाहीत, ‘चढवतात’. त्याचा समारंभ होतो, गावजेवण होते.

वारकरी परंपरेने तुकोबांना कळसाची जागा दिली, शिखराची नव्हे. ज्ञानोबांपेक्षा तुकोबा उंच, असे कोणाला म्हणायचे नव्हते. बांधायला घेतलेले काम पुरे झाले, एवढे म्हणायचे होते. संतांची उंची मोजण्याचा अवघड प्रसंग एका नेमक्या शब्दाने टाळला.

पुढे कळसाची एक गंमत झाली. ‘यशाचे शिखर’ आपण म्हणतो, पण ‘मूर्खपणाचे शिखर’ सहसा म्हणत नाही. मूर्खपणाचा, निर्लज्जपणाचा, अन्यायाचा होतो तो कळस. मंगल शब्द निंदेकडे का गेला? मला वाटते, त्यातला ‘पुरे झाले’ हा भाव तिथेही टिकून आहे. अन्यायाचा कळस झाला म्हणजे आता यावर आणखी काही चढवायला जागा उरली नाही. शिखर गाठणारा आणखी उंच शिखराचे स्वप्न पाहू शकतो. कळसानंतर बांधकाम नाही. ‘पराकाष्ठा’ याच्या जवळची वाटते, पण तिच्यात श्रम आहे. प्रयत्नांची पराकाष्ठा होते, प्रयत्नांचा कळस होत नाही. पराकाष्ठा ही हद्द आहे, शेवटपर्यंत पळत जाऊन शिवायची.

इंग्रजीत पिनॅकल हा शब्दही इमारतीवरूनच आला. लॅटिनमध्ये त्याचे मूळ पिसासाठी, पंखासाठी असलेल्या शब्दात आहे. युरोपातल्या चर्चवर ते निमुळते मनोरे दिसतात. वर उडू पाहणारा पंख आणि भरलेला घडा : दोन समाजांनी आपापल्या मंदिरांच्या टोकाला काय ठेवावेसे मानले, ते या दोन शब्दांत जपून राहिले आहे.

यादीतला एकच रकाना

इंग्रजी शब्दांना मराठीत एकास एक जोड मिळत नाही, अशी तक्रार भाषांतर करणारे करतात. वर पाहिले त्यावरून दिसेल की पुष्कळ ठिकाणी जोड मिळते, फक्त ती कोशाच्या पहिल्या शब्दात मिळत नाही. ॲपोजीला उच्च, झेनिथला खमध्य, कल्मिनेटला ‘माथ्यावर येणे’, एपेक्सला शेंडा, ॲक्मीला शीग. ज्या व्यवहारातून इंग्रजी शब्द आला तोच व्यवहार आपल्याकडे शोधला की शब्द तिथे वाट पाहत असतो. आकाशाचा शब्द पाटणच्या मठात, मापाचा शब्द त्याच दगडाखालच्या बाजारात, वाढीचा शब्द कापसाच्या वावरात, पूर्णतेचा शब्द देवळावर.

आजची मराठी मात्र हे सारे सोडून ‘सर्वोच्च’ या एका शब्दावर येऊन थांबते आहे. सर्वोच्च न्यायालय, सर्वोच्च तापमान, सर्वोच्च शिखर, सर्वोच्च भाव. न्यायालयाच्या बाबतीत ते योग्यच आहे. तिथे अधिकाराची उतरंड आहे आणि तिच्यावर खरोखर कोणी नाही. पण कापसाच्या भावाला तोच शब्द लावला की शेतकऱ्याला हवे ते उत्तर मिळत नाही. भाव शिखरावर आहे की शिगेला? शिखर असेल तर तो काही काळ टिकेल, माल राखून ठेवता येईल. शीग असेल तर पुढची मूठ घरंगळणार, आजच विकलेला बरा. ‘सर्वोच्च भाव’ ही बातमी दोन्ही वेळा तीच छापली जाते, आणि माल घरात ठेवायचा की गाडीत भरायचा हे तिच्यावरून ठरत नाही.

अभ्यासिकेतल्या मुलांना यादी पाठ करू नका असे सांगण्यात अर्थ नाही, परीक्षा त्यांच्या पोटाची आहे. पण यादीच्या उजव्या बाजूला आणखी एक रकाना आखता येईल. अर्थाच्या शेजारी प्रश्न लिहावा. झेनिथ : कोणाच्या डोक्यावर? ॲपोजी : कशापासून दूर? समिट : कोण पोचले? कळस : काय पुरे झाले? असे लिहिलेले शब्द लवकर पाठ होतात आणि सहसा विसरत नाहीत. येत्या २५ मेला अंगणात एक काठी उभी रोवून ठेवली, तर यादीतल्या एका शब्दाचा अर्थ भर दुपारी सावलीसकट दिसेल. त्या क्षणी सूर्य माथ्यावर असेल, उच्चाला पोचायला त्याला अजून सहा आठवडे लागतील.